रेवाच्या पाठीवरची बोटं

माझ्या बायकोचे हात लाखभर लोक ओळखतात. चेहरा मात्र सांगलीतल्या आमच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. शैलजा रोज सकाळी एक पदार्थ करते. ओट्याच्या वर बसवलेला कॅमेरा तिचे तेवढे हात टिपतो आणि ते हात कणीक मळताना, मेथी खुडताना, भाकरी थापताना लोक आपापल्या फोनवर बघतात. तोंड दाखवायचं नाही ही तिची पहिल्यापासूनची अट. "माझं तोंड बघून काय करायचंय त्यांना? भाकरी फुगलेली दिसली की झालं," असं ती म्हणते. बोलायला मात्र तोंड लागतं आणि ते तिच्याकडे आहे, एवढं मी नवरा या नात्याने सांगू शकतो.

तर या हातांवर डाग होते. तपकिरी, काही मसुराएवढे, काही चिंचोक्याएवढे. साठीकडे निघालेल्या बाईच्या हातांवर असतात तसेच. घरात कुणाला त्यांचं काही नव्हतं, पण प्रेक्षकांना होतं. "काकू, आमटी एक नंबर, पण हातांना काय झालंय?" असं एकीने विचारलं. दुसरीने विचारलं, "संसर्गजन्य नाही ना?" तिसऱ्याने एक क्रीम सुचवलं आणि ते तो स्वतःच विकत होता. माझं चष्म्याचं दुकान आहे, मगदूम चष्मेवाले म्हणून. लोकांना नीट दिसावं म्हणून मी हयात घालवली आणि शेवटी त्यांना दिसलं काय, तर माझ्या बायकोचे डाग.

"सोड की," मी म्हटलं. "तुझं काय जातंय?"

"रोज माझेच हात बघतात ते, तुमचे नाही," ती म्हणाली. "मी मिरजेला जाऊन येणार."

मिरजेला म्हणजे डॉ. स्नेहल उपाध्येंकडे. ही मुलगी शाळेत असल्यापासून माझ्याकडे चष्मा करायची. आता कातडीची डॉक्टर झाली होती आणि तिच्याकडे प्रकाशपाठाचं यंत्र आलं होतं. ती वर्षंच प्रकाशपाठाची होती. लग्न ठरलं की आधी हॉल, मग प्रकाशपाठ, मग पत्रिका, असा लोकांचा क्रम झाला होता. डोळ्यांखालची वर्तुळं, गालावरचे वांग, मानेवरचा काळेपणा, सगळं एका बैठकीत जायचं आणि परत यायचं नाही. परत न येण्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मीही शैलजाबरोबर गेलो.

"काका, जुन्या लेसरमध्ये आपण काय करायचो?" स्नेहलने मला समोर बसवून विचारलं आणि उत्तरही तिनेच दिलं. "रंगाचे कण फोडायचो. कण जायचे, पण कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी तिथंच राहायच्या. चार दिवस उन्हात गेलं की त्या परत कामाला लागायच्या. डाग पुन्हा हजर. आता आपण पेशीला मारतही नाही आणि तिचा रंग फोडतही नाही. तिला शिकवतो."

"कसं?"

"पेशी एकमेकींशी बोलत असतात. तेलकट आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात. डोळ्याला काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत इतक्या लहान. त्या पिशवीत निरोप असतो. शेजारणीने पिशवी गिळली की तिला निरोप कळला. हा लेसर एका ठरावीक लयीत झोत टाकतो. त्या लयीने डागातली पेशी 'रंग कमी करा' असा निरोप पाठवायला लागते. शेजारीण तो ऐकते, तिच्या शेजारणीला सांगते..."

"हळदीकुंकवाच्या बोलावण्यासारखं," शैलजा म्हणाली.

"अगदी तसंच, काकू."

"मग थांबतं कुठं?" मी विचारलं. मला बोलावण्यापेक्षा ते थांबण्यात जास्त रस होता.

"प्रत्येक पेशीगणिक निरोप पुसट होतो. मनगटाच्या वर येईपर्यंत विरून जातो. दुसऱ्याला लागायची भीती नाही. घामातून थोड्या पिशव्या बाहेर येतात, पण आपल्या कातडीवर मेलेल्या पेशींचा थर असतो, तो त्यांना आत घेत नाही. हातात हात देणं, एक टॉवेल वापरणं, सगळं कंपनीने तपासलंय. मोठ्या माणसांवर."

मोठ्या माणसांवर हे ती शेवटी म्हणाली. तिने काही लपवलं नाही. आम्हीही ऐकलं आणि मान डोलावली, कारण खोलीत तिघंही मोठी माणसं होती.

महिन्याभरात शैलजाचे हात असे झाले की मीच बघत बसलो. डाग गेले. रंग एकसारखा, उजळ, बोटांच्या पेरांपर्यंत. ती तळव्याच्या बाजूने आणि मागच्या बाजूने हात फिरवून फिरवून बघायची आणि मी बघतोय असं दिसलं की भांडी घासायला घ्यायची. व्हिडिओखाली लोक लिहायला लागले, "काकू, हात किती सुंदर!" आमटीबद्दल कुणी काही लिहीना. पण ती खूश होती आणि ती खूश असली की घर खूश असतं, म्हणून मीही होतो.

त्यानंतर आमची ऋतुजा बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे अजून कुठलं यंत्र बदलू शकलेलं नाही. ऋतुजा कोल्हापुरात आर्किटेक्ट आहे, नवरा प्रणव चौगुले तिथेच बँकेत. तिने येताना बाळाला अंघोळ घालायची एक खुर्ची आणली होती. पाण्याची उष्णता स्वतः बघणारी, बाळाला अलगद धरून ठेवणारी. शैलजाने ती खुर्ची एकदा उलटी करून पाहिली, एकदा सुलटी करून पाहिली.

"बाळ अंघोळीला येतंय का केस कापायला?" ती म्हणाली आणि खुर्ची माळ्यावर गेली.

बाळ झालं. मुलगी. बाराव्या दिवशी रेवा असं नाव ठेवलं. सावळी, प्रणवच्या वळणाची, डोक्यावर काळंभोर जावळ. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शैलजाने तिचं न्हाऊ-माखू हातात घेतलं.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. ऋतुजाच्या वेळी मी दुकानात असायचो. शैलजा मोरीत पाटावर बसायची, साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाय लांब सोडायची आणि दोन्ही नडग्यांवर रेवाला पालथी घालायची. मग कोमट खोबरेल तेल. मानेपासून टाचांपर्यंत, तळव्याने, अंगठ्याने, पुन्हा तळव्याने, तेल कातडीत जिरेपर्यंत. मग कणकेचा तेलात भिजवलेला गोळा पाठीवरून फिरवून लव काढायची. मग डाळीचं पीठ आणि साय, तेही चोळून. मग कढत वाटावं असं पाणी आणि शेवटी ओव्याची धुरी. रेवा सुरुवातीला गल्ली डोक्यावर घ्यायची. "रड, रड. आजी तुझ्या बापालापण भीत नाही," असं शैलजा तिला सांगायची. चारच दिवसांत रेवा तेलाची वाटी दिसली की हातपाय झाडायला लागली. न्हाऊन झाल्यावर ती अशी झोपायची की घर पावलं न वाजवता चालायचं.

शैलजाने कॅमेरा बंद ठेवला. "सध्या हात कामात आहेत," असं तिने प्रेक्षकांना कळवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिला इतकी सुखी कधी पाहिली नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही, कारण तिने लगेच त्याचा दोष मला दिला असता.

रेवा हसायला लागली होती, त्या सुमाराची गोष्ट. ऋतुजा खिडकीशी तिचं झबलं बदलत होती.

"बाबा, जरा इकडं या. चष्मा लावून या."

मी गेलो. रेवा पालथी होती. तिच्या सावळ्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, चार फिक्या रेघा होत्या. शेजारी शेजारी, वरून जरा पसरलेल्या. त्यांच्याखाली एक फिका पट्टा.

"कपड्याचा वळ असेल," मी म्हटलं.

"वळ लाल असतो, बाबा."

मला ते कळत होतं. त्या रेघा कशाच्या आहेत तेही कळलं होतं. पण मोरीत पाण्याचा आवाज चालू होता, शैलजा अंघोळीची तयारी करत होती आणि मी चष्मा काढून पुसायला घेतला.

स्नेहलने आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिच्या हातात निळा दिवा होता. जिथे रंग नसतो तिथे कातडी या दिव्याखाली चमकते, असं तिने सांगितलं. ऋतुजाने रेवाचे कपडे काढून तिला टेबलावर पालथी धरली, स्नेहलने दिवा जवळ आणला आणि आम्ही चौघं वाकलो.

खिडकीशी जे चार रेघांएवढं दिसलं होतं ते आता सगळीकडे दिसत होतं. दोन्ही खांद्यांवर बोटं. कण्याच्या दोन बाजूंना खाली उतरत गेलेले अंगठे. मांड्यांवर वेढे. पोटरीला धरून ताणल्याच्या खुणा. बाळाला उलटं केलं तर छातीवर दोन तळवे, एकमेकांकडे तोंड केलेले. सगळं निळसर पांढरं, स्वच्छ. गालावर एक वेगळा डाग होता, गोलसर, बोटाचा नाही, पण तेव्हा त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

 शैलजाने हळूच आपला हात पुढे केला आणि रेवाच्या पाठीवर, न टेकवता, वर धरला. बोटाला बोट जुळलं. तिची करंगळी लहानपणी मोडलेली, ती बाहेरच्या बाजूला वळते. पाठीवरचीही वळली होती.

"लाइट लाव, स्नेहल," मी म्हटलं.

तिने लाइट लावला. मग ती टेबलाशी उभी राहूनच बोलली, खुर्चीत बसली नाही. नवजात बाळाच्या कातडीवरचा तो मेलेल्या पेशींचा थर फार पातळ असतो. पिशव्यांचं आवरण तेलकट, त्यामुळे तेलात त्या चांगल्या टिकतात. एका हाताने दुसऱ्याला नुसतं धरलं तर काही होत नाही. पण कोमट तेल घेऊन रोज अर्धा-पाऊण तास चोळायचं, कणकेने घासायचं, पिठाने उटायचं, वर गरम पाणी टाकायचं, म्हणजे दार उघडून पिशव्या हाताने आत ढकलण्यासारखं. कंपनी ज्या देशातली आहे तिथे बाळाला कोमट पाण्यात बुचकळतात आणि मऊ टॉवेलने टिपतात. असं काही कुणी कुणाला करत असेल हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुझ्या डोक्यात?" मी विचारलं.

"मलाही माझ्या आज्जीनं असंच न्हाऊ घातलंय, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नाही आलं डोक्यात."

"दुखतं का तिला?" ऋतुजाने विचारलं.

"नाही. तब्येतीला काही धोका नाही. उन्हात जपायचं."

"हे एवढ्यावर थांबेल?"

स्नेहलने निळा दिवा बाजूला ठेवला. "मोठ्यांमध्ये निरोप पुसट होत जातो, कारण पेशी फार वाढत नाहीत. बाळ वाढतंय. एका पेशीच्या दोन होतात आणि दोघींना निरोप मिळतो, तेवढाच ठळक. मला वाटतं, पसरेल. किती ते सांगता येत नाही. शिकवलेलं विसरायला लावायचा उपाय आज कुणाकडे नाही. आणि एवढ्या लहान बाळावर मी लेसर चालवणार नाही."

"मग काय करायचं?"

"नवीन निरोप जाऊ द्यायचे नाहीत. काकूंनी..." तिने शैलजाकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

"किती दिवस?" शैलजाने विचारलं. त्या खोलीत गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती.

"तुमचे हात आता कायमचे शिकलेत, काकू."

"मग मला माझे डाग परत दे."

"नाही देता येत."

"कातडी भाजली तर? वरची भाजून नवीन आली तर?"

"काकू, असलं काही करू नका. नवीन कातडी जुन्याच पेशींमधून येते." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "काका, लक्ष ठेवा." त्या दिवसापासून शैलजा गॅसपाशी गेली की मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जातो. तिला ते कळतं. ती मला लसूण सोलायला देते.

ऋतुजा आईला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण शैलजाला भांडता येतं. तिला गप्प बसता येत नाही. पहिल्या दिवशी तिने भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले आणि पाटावर बसली. रेवाने त्या पिवळ्या हातांकडे पाहिलं आणि जो टाहो फोडला तो थांबेना. तेलाने मोजे निसटायला लागले, बाळ नडग्यांवरून घरंगळायला लागलं. ऋतुजाने पुढे होऊन तिला उचललं.

"आई, नको."

"उद्या सवय होईल तिला."

"तेलानं रबर विरतं, स्नेहलनं सांगितलंय. आई, नको ग."

शैलजा उठली. मोजे काढून तिने ते दोरीवर वाळत घातले, अगदी चिमटे लावून. मग दारात येऊन उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. माळ्यावरची ती खुर्ची मी उतरवली. ऋतुजाने रेवाला तिच्यात ठेवून पाणी सोडलं. "मान धर... मानेखाली धर... कानात जाईल... अग, तसं नव्हे," शैलजा दारातून सांगत होती. थोड्या वेळाने सांगणंही थांबलं. मागे वळून पाहिलं तर ती तिथे नव्हती.

रविवारी प्रणव आणि त्याची आई, सुलभाताई, कोल्हापूरहून आले. ऋतुजाने फोनवर सगळं सांगितलेलं होतं. प्रणवने चहाही घेतला नाही.

"मामी, निदान विचारायचं तरी एकदा," तो शैलजाला म्हणाला. तो आम्हाला मामा-मामी म्हणतो. "हात सुंदर दिसावेत म्हणून तुम्ही... माझी मुलगी आहे ती. उद्या लोक तिला काय म्हणतील माहितेय? कोड म्हणतील. लग्नाच्या वेळी काय सांगायचं आम्ही?"

ती दोन महिन्यांची आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण शैलजा मान खाली घालून ऐकत होती आणि हे मला इतकं अनोळखी होतं की मी तिच्याकडेच बघत राहिलो.

"अरे, त्यांनी मुद्दाम केलं का?" सुलभाताई मध्ये पडल्या. त्या बाई भल्या आहेत. "आजकाल कोण करत नाही? तूसुद्धा केलंसच की लग्नाआधी डोळ्यांखाली. मी सोबत आले होते."

पंखा फिरत होता. ऋतुजा नवऱ्याकडे बघत होती.

"तू केलंयस?"

"ते... दोन वर्षं झाली त्याला. फोटोंसाठी. तेवढंच, डोळ्यांखाली." प्रणवचा आवाज खाली आला. "सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

तो दर रविवारी येतो आणि न्हाऊन आलेल्या तेलकट रेवाला गालाशी धरून झोपाळ्यावर बसतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या गोलसर डागाचा उलगडा प्रत्येकाला आपापल्या जागी झाला. ऋतुजा उठली, नवऱ्याच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं आणि माझ्याकडे आली.

"बाबा, तुम्ही काही केलंय? आत्ता सांगा. मी चिडणार नाही."

"मी कशाला काय करू? मला कोण बघतंय?"

तिने रेवाला माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून रेवाला हात लावायचा अधिकार या जगात दोघांना आहे, तिच्या आईला आणि मला. ऋतुजा कोल्हापूरला गेली नाही. तिथे घरात प्रणव आणि दारात त्याच्या भावकीतल्या सतरा बायका, कुणी काय करून घेतलंय कोण सांगणार? इथेही तेच. बाळ बघायला कुणी आलं की ऋतुजा दारातच विचारते, "तुम्ही प्रकाशपाठ केलाय का?" लोक हसून नाही म्हणतात. आमच्या समोरच्या कोरेबाईंच्या गालांवर वांग होते, मीच त्यांना चष्म्याची फ्रेम निवडून देताना पाहिले होते. त्या दारात उभं राहून, गुळगुळीत गालांनी, "छे ग, मला कुठं परवडतंय," असं म्हणाल्या. खोटं बोलताना माणसाला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत नाही. बाळाचा एक पापा तर घ्यायचा असतो.

कंपनीचा फोन आला होता. एक मुलगी फार गोड बोलत होती. असे प्रकार फक्त आपल्या भागात घडताहेत, असं ती म्हणाली. म्हणजे रेवा एकटी नव्हती. कंपनी आता सूचनांमध्ये एक ओळ वाढवणार होती. "बाळाला तेल लावत असाल तर आधी कळवा" अशी. मी विचारलं, "ज्यांनी लावून झालंय त्यांनी काय करायचं?" तिने माझा प्रश्न पुढे पाठवते म्हणून सांगितलं. तो बहुधा अजून पुढेच जातो आहे.

बोटं आता बोटं राहिली नाहीत. ती एकमेकांत मिसळली, पाठ फिकी झाली, मग दंड. रेवा हसते, उपडी पडते, माझा चष्मा ओढते. आम्ही तिला बघताना आधी चेहरा बघतो की कातडी, हे मी स्वतःला विचारत नाही. सकाळी मी तिला न्हाऊ घालतो. मला ते जमत नाही. शैलजा आता मोरीच्या दारात येत नाही. पलीकडच्या खोलीतून ओरडून सांगते, "पाणी बघितलं का कोपरानं?" तिने व्हिडिओ पुन्हा सुरू केले, पण ती आता पळीने ढवळते, चमच्याने वाढते, कणीक मळायला यंत्र लावते. एका बाईने लिहिलं, "काकू, हात का दाखवत नाही हल्ली?" 

तिला एक सवय लागली. रेवा जवळपास असली की ती दोन्ही हात पाठीमागे घेते आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरते. आधी ती हे आठवून करायची. मग आठवावं लागेना. रेवा तिच्याकडे हात पसरते, आजी हात मागे घेते, रेवा रडते, आजी तोंडाने टाळ्यांसारखा आवाज काढून तिला हसवते. रविवारी प्रणवही असाच समोर खुर्चीत बसतो. त्या दोघांचं आता बरं जमतं. एकमेकांना चहा देतात आणि बाळाकडे बघत बसतात.

काल दुपारी ऋतुजा बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या लोकांशी बोलत होती. मी रेवाला पलंगावर ठेवून तिचं झबलं आणायला बाल्कनीत गेलो होतो. शैलजा पलंगाला लागून उभी राहून तिच्याशी बोलत होती. दोरीवरून मी झबलं काढलं आणि दारातून पाहिलं, तर रेवा उपडी झाली होती आणि पलंगाच्या कडेकडे सरकत होती. आजीकडे. अजून एकदा वळली की ती खाली येणार होती.

"शैला, धर!" मी ओरडलो.

शैलजा हातभर अंतरावर होती. वाकायचीही गरज नव्हती. मी तिच्या पाठीकडून बघत होतो, त्यामुळे तिचे हात मला दिसत होते. उजव्या हाताने डाव्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटांची टोकं पांढरी पडली होती. ती सुटायला बघत होती. खांदे पुढे झाले, कोपर हललं आणि हात सुटले नाहीत.

रेवा पडली. डोकं आपटल्याचा आवाज झाला, मग क्षणभर काहीच नाही आणि मग ती रडली. शैलजा तिच्यावर वाकून उभी होती, हात मागेच. "अहो, उचला! उचला ना तिला, अहो, उचला!" ती किंचाळत होती.

मी धावत जाऊन उचललं. कपाळावर टेंगूळ येत होतं, बाकी काही नव्हतं. हातपाय नीट हलत होते. ऋतुजा धावत आली, माझ्या हातातून मुलीला घेतलं, डोकं चाचपलं, डोळे बघितले आणि मग विचारलं, "कशी पडली? कोण होतं इथं?"

"मी होते," शैलजा म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता, पण चेहऱ्यावर काहीतरी शाबासकीची वाट बघितल्यासारखं होतं. "मी इथंच होते ग, ऋतू. पण मी हात नाही लावला. विचार तुझ्या बाबांना. मी अजिबात हात नाही लावला."

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही लावला."